शाळेचा अधिकार कोठपर्यंत? विद्यार्थ्यांच्या हक्कांची सोपी ओळख

नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईतील एका खासगी शाळेत उशिरा आलेल्या मुलांना उठाबशा काढायला लावण्यात आले आणि त्यांच्यापैकी सहावीतल्या एका मुलीचा काही दिवसांनी रुग्णालयात मृत्यू झाला. मृत्यूचे नेमके कारण ठरवणे हे डॉक्टरांचे आणि तपास यंत्रणेचे काम आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले, म्हणून कोणाला मासिक पाळी आली आहे हे शोधण्यासाठी मुलींची अंगझडती घेतल्याची तक्रार झाली आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. या दोन्ही घटनांनंतर घराघरांत एकच प्रश्न विचारला गेला, की शाळेला असे करण्याचा अधिकार असतो का? त्यावर मिळणारी उत्तरे मात्र दोन टोकांची होती. कोणी म्हणे, शाळेत पाठवले म्हणजे मूल शिक्षकांच्या स्वाधीन केले. तर कोणी म्हणे, आजकाल शिक्षकांना काहीच बोलता येत नाही. कायदा या दोन्ही टोकांपासून दूर उभा आहे, आणि तो नेमका कोठे उभा आहे हे पालकांना, शिक्षकांना आणि मुख्य म्हणजे मुलांना ठाऊक असणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

शाळेला अधिकार मिळतो कोठून?

एसटीच्या वाहकाचे उदाहरण घेऊ. वाहक तिकीट मागू शकतो, रांगेने चढायला सांगू शकतो, गोंधळ घालणाऱ्या प्रवाशासाठी गाडी थांबवू शकतो. हे सारे अधिकार त्याला खरोखर आहेत आणि ते नसतील तर गाडी चालणार नाही. परंतु तोच वाहक प्रवाशाच्या खिशात हात घालू शकत नाही, त्याला थप्पड मारू शकत नाही किंवा जात विचारून बसायला जागा नाकारू शकत नाही. कारण त्याला अधिकार दिला आहे तो प्रवास सुरळीत व्हावा यासाठी, आणि त्या हेतूच्या बाहेर तोही इतरांसारखाच एक नागरिक आहे. शाळेचा अधिकार याच जातीचा आहे. शिक्षण व्हावे आणि मुले सुरक्षित राहावीत यासाठी तो दिलेला आहे. वेळापत्रक, गृहपाठ, परीक्षा, गणवेश, वर्गातील शांतता यांबाबतचे नियम त्यात येतात. एखादा नियम किंवा शिक्षा या हेतूपासून जितकी दूर जाईल, तितकी ती समर्थनीय ठरवणे अवघड होत जाते.

दुसरीकडे मुलाचे हक्क आहेत. राज्यघटनेच्या तिसऱ्या भागात दिलेले आणि सरकारलाही मनमानीने हिरावून घेता येत नाहीत असे जे हक्क, त्यांना मूलभूत हक्क म्हणतात. अनुच्छेद १४ मधील समानता, अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य, अनुच्छेद २१ मधील जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य, अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्य हे त्यांतील प्रमुख. मतदानासाठी घटनेने वयाची अट घातली आहे, पण या हक्कांसाठी अशी अट कोठेही नाही. आठ वर्षांची मुलगीही घटनेच्या दृष्टीने पूर्ण व्यक्ती आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी शिक्षण हाच मूलभूत हक्क झाला; तो अमलात आणण्यासाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो तो, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

शाळेच्या दारात हक्काचा प्रश्न उभा राहण्याची आपल्याकडची परंपरा मात्र घटनेपेक्षा जुनी आहे. १८५६ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडमध्ये, एका महार विद्यार्थ्याने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला होता. न्याय त्याच्या बाजूने आहे हे मुंबई सरकारने कागदावर मान्य केले, आणि तरीही इतरांच्या भावनांचे कारण देऊन प्रवेशासाठी हस्तक्षेप करायचे नाकारले. हक्क कबूल करायचा पण अंमल करायचा नाही, ही जी पद्धत त्या कागदात दिसते, ती आजही शाळा आणि शिक्षण खात्याच्या पत्रव्यवहारात भेटते, म्हणून तो प्रसंग येथे मुद्दाम सांगितला.

गप्प उभे राहणाऱ्या तीन मुलांचा खटला

शाळेच्या अधिकाराची सीमा समजून घ्यायची असेल तर केरळमधील एका खटल्याइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. कोट्टायम जिल्ह्यातील एका शाळेत तीन भावंडे शिकत होती. एक दहावीत, एक नववीत आणि एक पाचवीत. त्यांचे कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे होते आणि प्रार्थना फक्त ईश्वराचीच करावी या श्रद्धेमुळे ती मुले राष्ट्रगीत म्हणत नसत. मात्र राष्ट्रगीत सुरू असताना ती रोज सर्वांबरोबर आदराने उभी राहत. कोणाच्या म्हणण्यात त्यांनी व्यत्यय आणला नव्हता आणि कित्येक वर्षे कोणाची तक्रारही नव्हती. जुलै १९८५ मध्ये ही गोष्ट एका आमदाराच्या लक्षात आली, विधानसभेत प्रश्न आला, चौकशी झाली. चौकशीत मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही असेच आढळले. तरीही शिक्षण खात्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने तिघांनाही शाळेतून काढून टाकले.

केरळ उच्च न्यायालयात मुलांच्या बाजूने निकाल लागला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ११ ऑगस्ट १९८६ रोजी ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या निकालात मुलांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांच्या पीठाने मांडलेला तर्क समजायला सोपा आहे. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्यही येते. राष्ट्रगीताचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणे हा गुन्हा मानतो. प्रत्येकाने ते म्हटलेच पाहिजे असे तो म्हणत नाही. आणि जे कायद्याने सक्तीचे केलेले नाही, ते शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने सक्तीचे करून त्यासाठी मुलाला शाळेबाहेर काढता येत नाही.

हा निकाल वाचताना पुष्कळांचे मन अडखळते, कारण राष्ट्रगीताशी आपल्या भावना जोडलेल्या आहेत. मला स्वतःला त्या निकालाचे मोल नेमके यातच दिसते. सर्वांना आवडणाऱ्या विद्यार्थ्याचा हक्क जपण्यासाठी न्यायालयाची गरज पडत नाही. बहुसंख्यांना न रुचणारी पण कोणालाही इजा न करणारी कृती करणाऱ्या मुलाबाबत शाळा कशी वागते, तेथे अधिकाराची खरी परीक्षा होते.

परिपत्रक, शासन निर्णय आणि कायदा यांत फरक काय?

या खटल्यातील एक मुद्दा रोजच्या व्यवहारात फार उपयोगी आहे. दुकानात ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असते. दुकानदाराने ती लावली म्हणून सदोष वस्तू परत करण्याचा ग्राहकाचा हक्क संपत नाही, कारण पाटी हा कायदा नव्हे. शाळेच्या सूचनाफलकावरील नियम, दैनंदिनीच्या पहिल्या पानावरील अटी, प्रवेश अर्जावरील हमीपत्र या सर्वांना स्वतःचे महत्त्व आहे. परंतु अभिव्यक्तिस्वातंत्र्यासारख्या मूलभूत हक्कावर मर्यादा घालायची असेल तर तिला संसदेने किंवा विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा, अथवा त्या कायद्याखाली रीतसर केलेल्या नियमाचा आधार लागतो. नुसती खात्याची सूचना पुरत नाही. आपल्या राज्यातील माध्यमिक शाळा संहितेचे उदाहरण पाहा. शाळा कशी चालवावी याविषयीच्या प्रशासकीय सूचना तिच्यात एकत्र केलेल्या आहेत आणि दैनंदिन कारभारासाठी त्या मार्गदर्शक आहेत, पण राज्यघटना आणि कायदे यांच्या वर त्या जात नाहीत. म्हणून एखादा नियम अन्यायकारक वाटला तर मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारण्याचा पहिला प्रश्न हाच, की हा नियम कोणत्या कायद्याच्या आधारे केला आहे.

मार, उठाबशा, अपमान: शिक्षेविषयी कायदा काय सांगतो?

जुना विचार असा होता, की शिक्षक हा शाळेच्या वेळेत ‘पालकाच्या जागी’ असतो आणि मुलाला शाळेत घालताना पालकाने वाजवी शिक्षेलाही मूक संमती दिलेली असते. १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने एका शिक्षकाच्या प्रकरणात हाच विचार मान्य केला होता. त्या काळच्या भारतीय दंड संहितेचे कलम ८९, म्हणजे १२ वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने आणि सद्हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही अशी तरतूद, याच्या आधाराला घेतली जात असे. ती आज भारतीय न्याय संहितेत कलम २७ म्हणून कायम आहे, आणि शिक्षकांवरील खटल्यांत बचावासाठी ती आजही पुढे केली जाते.

या विचारातील उणीव एका घरगुती उदाहरणाने दिसते. आपण गावी जाताना तुळशीला पाणी घालण्यासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवतो. तेवढ्याने त्यांना आपले कपाट उघडण्याची संमती मिळत नाही. पालक मुलाला शाळेकडे सोपवतात ते शिकवण्यासाठी. त्यातून मारण्याची संमती आपोआप निघत नाही. शिवाय पालकाकडे जो अधिकार स्वतःलाच मर्यादित आहे, तो शिक्षकाला देताना मोठा होऊ शकत नाही. १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीच्या शालेय नियमांतील छडीची परवानगी देणारी तरतूद रद्द केली, तेव्हा मुलाची प्रतिष्ठा हा अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे स्पष्ट सांगितले. त्याआधी, डिसेंबर १९९२ मध्ये, भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला होता. शाळेतील शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे, असे त्या कराराच्या अनुच्छेद २८ मध्ये म्हटले आहे.

आरटीईच्या कलम १७ ने वाद बऱ्याच अंशी मिटवला. कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि त्याचा मानसिक छळ करता येणार नाही, असे ते कलम सांगते. ‘मानसिक छळ’ हे दोन शब्द येथे फार महत्त्वाचे आहेत. अंगठे धरायला लावणे, कोंबडा करणे, उठाबशा, उन्हात उभे करणे या शारीरिक शिक्षा आहेत हे कोणालाही पटते. परंतु जातीवरून किंवा वडिलांच्या धंद्यावरून टोमणा मारणे, फी भरली नाही म्हणून सर्वांसमोर नाव घेऊन उभे करणे, ‘तुझ्याकडून काही होणार नाही’ असे रोज ऐकवणे, यांनी अंगावर वळ उठत नसला तरी कायद्याच्या दृष्टीने तीही निषिद्ध वागणूक ठरू शकते.

या कायद्याला दोन मोठ्या फटी आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. पहिली अशी, की आरटीईच्या व्याख्येनुसार ‘बालक’ म्हणजे ६ ते १४ वर्षे वयाचे मूल. नववी-दहावीतील पंधरा वर्षांच्या मुलाला कलम १७ चे थेट संरक्षण मिळत नाही, आणि नेमके याच वयात शिक्षक-विद्यार्थी संघर्ष अधिक तीव्र होतो. या मुलांसाठी बाल न्याय कायदा २०१५ चे कलम ७५ आहे. त्या कायद्यात १८ वर्षांपर्यंतचे प्रत्येक मूल येते आणि मुलाचा ताबा किंवा जबाबदारी असलेल्या व्यक्तीने केलेल्या क्रूरतेसाठी त्यात कारावासाची तरतूद आहे. दुसरी फट अशी, की कलम १७ मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई व्हावी एवढेच आरटीई सांगते. त्या कलमाखाली स्वतंत्र फौजदारी शिक्षा नाही. परिणामी कारवाई सुरू करण्याची चावी पुष्कळदा ज्या संस्थेविरुद्ध तक्रार आहे तिच्याच हाती राहते. कायद्यातील ही उणीव दूर झाली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

मग वर्गात शिस्त राहणार कशी?

हा आक्षेप शिक्षक प्रामाणिकपणे घेतात आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, अपुरे शिक्षक, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामे, आणि घरून मोबाइल पाहून झोपेत आलेली मुले, या परिस्थितीत उभे राहून शिकवणे सोपे नाही. खोट्या तक्रारीची भीतीही निराधार नाही. मार्च २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने शिक्षकाविरुद्ध विद्यार्थी किंवा पालकाने तक्रार केल्यास गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी व्हावी असे म्हटले, ते याच चिंतेतून. न्यायालये प्रत्येक रागावण्याला गुन्हा मानत नाहीत, आणि मानूही नये.

परंतु शारीरिक शिक्षा बंद करणे म्हणजे परिणामच बंद करणे नव्हे. भिंतीवर लिहिणाऱ्या मुलाकडून ती भिंत पुसून घेणे, खेळाच्या तासाला मुद्दाम त्रास देणाऱ्याला त्या दिवशीच्या खेळातून दूर ठेवणे, पालकांना बोलावून त्यांच्यासमोर बोलणे, अपुरा गृहपाठ शाळेतच पूर्ण करून घेणे, समुपदेशकाकडे पाठवणे, हे सर्व शाळेच्या अधिकारात आहे. शिक्षा आणि चूक यांचा काही संबंध असावा आणि शिक्षा चुकीपेक्षा मोठी नसावी, या तत्त्वाला प्रमाणशीरता म्हणतात. दहा मिनिटे उशीर झाल्याची भरपाई शंभर उठाबशांनी होत नाही. उशीर आणि उठाबशा यांचा परस्परांशी संबंधच नाही. उलट तो उशीर एसटी चुकल्यामुळे झाला की झोपून राहिल्यामुळे, हे विचारल्याखेरीज तर कोणतीही शिक्षा योग्य ठरू शकत नाही. ‘आम्हीही मार खाल्ला आणि आमचे काही बिघडले नाही’ असे म्हणणारे आपल्यात अनेक आहेत. पण मार खाऊन ज्यांनी शाळा कायमची सोडली, ती मुले हे वाक्य बोलायला आपल्या बैठकीत नसतात.

शाळेतून काढणे आणि दाखला अडवणे

आरटीईच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने ती स्वीकारली. परंतु त्याच वर्गात ठेवणे वेगळे आणि शाळेबाहेर काढणे वेगळे. दुसरे आजही निषिद्ध आहे.

त्यापुढील वर्गांत आणि महाविद्यालयांत निलंबन किंवा काढून टाकणे शक्य असते, पण तेथे ‘नैसर्गिक न्याय’ आड येतो. नैसर्गिक न्याय म्हणजे आरोप काय आहे हे सांगणे, दुसरी बाजू ऐकून घेणे आणि निर्णय घेणारा त्या भांडणात स्वतः पक्षकार नसणे. गावच्या बैठकीतही ज्याच्यावर आळ आहे त्याला बोलू दिल्याखेरीज निवाडा झाला तर लोक तो मानत नाहीत; तत्त्व तेच. १९६२ मध्ये उत्तर प्रदेशातील परीक्षा मंडळाने गैरप्रकाराच्या आरोपावरून तीन विद्यार्थ्यांचे निकाल त्यांचे म्हणणे न ऐकता रद्द केल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा विद्यार्थ्यांना बाजू मांडण्याची संधी देणे मंडळाला बंधनकारक होते असा निकाल लागला. मात्र १९७० मध्ये बिहारमधील एका संपूर्ण केंद्रावर सामूहिक कॉपी झाल्याचे प्रकरण आले, तेव्हा न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. तेथे कोणा एका विद्यार्थ्यावर ठपका ठेवलेला नव्हता, परीक्षाच अविश्वसनीय ठरवली होती, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र सुनावणीची गरज नाही असे न्यायालयाने म्हटले. आरोप जितका व्यक्तिगत, तितका ऐकून घेण्याचा हक्क मोठा, असा या दोन निकालांचा एकत्रित अर्थ मी लावतो.

फी थकली म्हणून शाळा सोडल्याचा दाखला अडवणे हा आपल्याकडे सर्वाधिक दिसणारा प्रकार आहे. आरटीईचे कलम ५ सांगते, की मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावा, आणि दाखला मिळायला उशीर झाला या कारणाने दुसऱ्या शाळेने प्रवेश लांबवू किंवा नाकारू नये. फी ही संस्था आणि पालक यांच्यातील देणी-घेणी आहे. ती वसूल करण्याचे कायदेशीर मार्ग संस्थेला खुले आहेत. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दाखला हे फीवसुलीचे साधन नाही असे बजावले आणि थकीत फीचा शेराही दाखल्यावर नको असे सांगितले. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनानेही दाखला नसला तरी नववी आणि दहावीत प्रवेश द्यावा असा आदेश काढला होता. मुलाला ओलीस धरून पालकाकडून पैसे काढणे हे शिक्षणसंस्थेला शोभणारे नाही.

दप्तर, मोबाइल आणि गणवेश

या तीन बाबतींत कायदा अजून घडतो आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आणि तो मुलांनाही लागू आहे. तरीही शाळेला सुरक्षेची जबाबदारी आहे, त्यामुळे ठोस कारण असेल तर दप्तर पाहणे सहसा वाजवी मानले जाईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये असाच विचार करून वाजवी संशय असल्यास शाळेला विद्यार्थिनीची पर्स तपासता येते असे म्हटले. पण २००९ मध्ये, वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून तेरा वर्षांच्या मुलीचे कपडे उतरवून झडती घेतल्याच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने ती झडती घटनाबाह्य ठरवली. दप्तर आणि देह यांमध्ये जी रेघ आहे ती तेथे स्पष्ट दिसते. शहापूरसारख्या प्रकरणात तर आपल्याकडे फौजदारी कायदाच पुढे येतो. अशी झडती शाळेच्या अधिकारात कोणत्याही कारणाने बसत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काळी फीत बांधणाऱ्या शाळकरी मुलांच्या बाजूने निकाल लागला आणि विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीला भक्कम संरक्षण मिळाले, परंतु १९७७ च्या निकालानुसार सरकारी शाळेतील शारीरिक शिक्षा तेथे घटनाबाह्य नाही, आणि काही राज्यांत ती आजही कायदेशीर आहे. या एका बाबतीत आपला कायदा मुलांच्या बाजूने अधिक पुढे गेलेला आहे.

मोबाइलबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्यम मार्ग सुचवला. शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी हा व्यवहार्य उपाय नव्हे, पण शाळेने वापरावर नियंत्रण ठेवावे आणि शक्य तेथे फोन जमा करून सुरक्षित ठेवावेत, असे ते म्हणाले. यातून एक उपप्रश्न निघतो, की जमा केलेला फोन उघडून त्यातील संदेश वाचता येतील का? वर उल्लेखिलेला खासगीपणाचा निर्णय पाहता, फोन काढून घेणे आणि फोन वाचणे या दोन अगदी वेगळ्या कृती आहेत, आणि दुसरीसाठी फार मोठे कारण लागेल.

गणवेश ठरवण्याचा शाळेचा अधिकार न्यायालये मान्य करतात, कारण त्यातून श्रीमंत-गरीब भेद झाकला जातो. धार्मिक चिन्हांचा प्रश्न आला की मात्र मत विभागते. कर्नाटकातील हिजाब प्रकरणात उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये बंदी उचलून धरली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १३ ऑक्टोबर २०२२ रोजी परस्परविरोधी निकाल दिले. चेंबूरच्या एका महाविद्यालयातील तशाच बंदीविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळली, तर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला अंशतः स्थगिती दिली. राखी, टिळा, मेंदी यांवरून मुलांना शिक्षा करू नये असे पत्र राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यांना पाठवले होते. माझ्या मते केरळच्या तीन मुलांना लावलेली कसोटी येथेही लावावी. या चिन्हामुळे शिकण्यात किंवा इतरांच्या सुरक्षिततेत खरोखर अडथळा येतो का, एवढेच पाहावे.

‘शाळा खासगी आहे, नियम मान्य करूनच प्रवेश घेतला’

हे उत्तर प्रवेश कार्यालयात वारंवार ऐकू येते. त्यात अर्धे तथ्य आहे. मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागता येतात, त्यामुळे विनाअनुदानित खासगी शाळेविरुद्ध थेट घटनेचा आधार घेणे सरकारी शाळेपेक्षा अवघड असते. परंतु आरटीईची शिक्षेविषयीची आणि काढून टाकण्याविषयीची कलमे अनुदानित व विनाअनुदानित असा भेद करत नाहीत, आणि बाल न्याय कायदा व फौजदारी कायदा तर प्रत्येक आवारात लागू असतो. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा एक अपवाद सांगायला हवा. २०१४ च्या घटनापीठाच्या निर्णयानुसार त्यांना आरटीई लागू नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाच्या फेरविचाराची गरज व्यक्त केली आहे. तेथेही मुलाला मारण्याची मोकळीक मिळते असा याचा अर्थ होत नाही.

आता सहीचा मुद्दा. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या १९८५ च्या प्रसिद्ध खटल्यात, रहिवाशांनी आधी उच्च न्यायालयात मूलभूत हक्कावर दावा नसल्याचे कबूल केले होते असे महापालिकेने दाखवून दिले. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले, की मूलभूत हक्क कबुलीने सोडून देता येत नाही. फूटपाथवरच्या झोपडीसाठी जे तत्त्व लागू आहे, ते प्रवेश अर्जावरील सहीलाही लागू पडावे यात मला शंका वाटत नाही.

तक्रार कशी करावी?

प्रथम मुलाचे शांतपणे ऐकावे आणि त्याच दिवशी तारीख, वेळ, तास व उपस्थित मुले यांसह लिहून ठेवावे. इजा असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून कागद घ्यावा. मग मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा. बहुतेक प्रकरणे येथेच सामोपचाराने मिटतात आणि शिक्षकालाही बाजू मांडता येते. तसे न झाल्यास गटशिक्षणाधिकारी, किंवा शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, यांच्याकडे जावे. गंभीर इजा, लैंगिक स्वरूपाचे वर्तन किंवा जातीवरून अपमान असेल तर या पायऱ्यांची वाट न पाहता पोलिसांकडे जावे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.

आरटीईच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजूंना ऐकून तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. अर्ज तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर न देता दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख मागून घ्यावी, कारण ते तीन महिने मोजायला सुरुवात कोठून करायची हे नंतर त्या शिक्क्यावरूनच दाखवता येते.